पऱ्हाटीतून ब्युटेनॉल: क्लॉस्ट्रिडियममध्ये डीएनए घालायचा कसा?

(टेबलावर पऱ्हाटीचा भारा)

कापूस वेचून झाला की पऱ्हाटी जाते धुऱ्यावर, नाहीतर चुलीत. तिच्यातल्या सेल्युलोजची आधी साखर करून दिली, तर क्लॉस्ट्रिडियम असेटोब्युटिलिकम हा जिवाणू त्या साखरेपासून ॲसिटोन, ब्युटेनॉल (इंधन म्हणून चालणारं अल्कोहोल), इथेनॉल बनवतो, साधारण 3:6:1 प्रमाणात. ब्युटेनॉल वाढवायचं तर त्याची जनुकं बदलावी लागतात. 2007 पासून क्लॉसट्रॉन हे जनुक-बदलाचं साधन आहे, त्यानं हवं ते जनुक बंद पाडता येतं. पण हत्यार आत तर गेलं पाहिजे! घोडं अडतं ते दारातच.

काहून? या जिवाणूकडे कॅक824आय नावाचं कापणारं एन्झाइम आहे. जीसी, मध्ये कोणतंही एक अक्षर, पुन्हा जीसी, असा क्रम दिसला की ते एन्झाइम डीएनए तोडतं. ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूमधून काढलेला प्लाझ्मिड (नवी जनुकं वाहून नेणारं डीएनएचं कडं) तसाच घातला तर आत तुकडेच. म्हणून तो आधी पीएएन1 नावाचा दुसरा प्लाझ्मिड असलेल्या ई. कोलायमध्ये वाढवा. तिथलं मिथाइलट्रान्सफरेज एन्झाइम नेमक्या त्या जागांवर मिथाइल गट बसवतं, मग तिथे कापणी होत नाही. युक्ती 1993 ची.

आता विजेचा झटका, म्हणजे प्लाझ्मिड पेशीत शिरतो. पेशी ऐन वाढीतल्या घ्या, ओडी (द्रवाचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) 1 च्या आसपास. बर्फागार बफरनं धुवा. त्यात 270 मिलिमोलर सुक्रोज असतं. 4 मिलिमीटरची क्युव्हेट (झटका द्यायची छोटी कुपी), 2 किलोव्होल्ट, 25 मायक्रोफॅरड. ‘टक्क’ करून ठिणगी उडाली? डीएनएत मीठ राहिलंय. ती क्युव्हेट टाकून द्या, प्लाझ्मिड पुन्हा धुवा. नंतर पेशींना 37 अंशांवर 3-4 तास सावरू द्या, मगच प्रतिजैविकाची प्लेट: तिथे प्लाझ्मिड शिरलेल्या पेशीच वाढतात.

या जिवाणूला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून प्लेटा आदल्या दिवशीच ऑक्सिजनमुक्त पेटीत ठेवा, आगरातही ऑक्सिजन मुरलेला असतो. माध्यमातला रेझाझुरिन हा सूचक रंग गुलाबी झाला, म्हणजे कुठूनतरी हवा शिरली. आणि द्रव माध्यमात एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकावर विसंबू नका: हा जिवाणू आम्ल सोडतो, त्यात ते टिकत नाही. तिथे क्लॅरिथ्रोमायसिन.

जनुक चालतंय का ते पाहायला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन लावलं आणि काहीच चमकलं नाही, तर जनुकाला दोष देऊ नका. जीएफपीला चमक यायलाच ऑक्सिजन लागतो.

एक खोड मात्र सगळ्यांना छळते. पेशी पुन्हापुन्हा नव्या माध्यमात वाढवल्या की पीएसओएल1 हा त्यांचा स्वतःचा मोठा प्लाझ्मिड गळतो. ब्युटेनॉलची कळीची जनुकं त्याच्यावरच. म्हणून बियाणं राखतात तसे बीजाणू (जिवाणूची उष्णता सोसणारी सुप्त रूपं) राखा आणि दर खेपेला तिथूनच सुरू करा: 80 अंशांवर 10 मिनिटं तापवून. साध्या पेशी मरतात. पीएसओएल1 गमावलेल्यांना बीजाणू करताच येत नाहीत, त्यामुळे त्या इथेच गळतात.