छिद्रातून ऊन येत नाही

(दृश्य: अंटार्क्टिका. नजर पोचेल तिथवर बर्फ. फक्त वाऱ्याचा आवाज.)

हे हॅली संशोधन केंद्र. १९५० च्या दशकापासून इथे एक काम नेमाने चाललं. डॉब्सनचं लांबुळकं उपकरण आकाशाकडे रोखायचं आणि डोक्यावर ओझोन किती आहे ते टिपून ठेवायचं.

असतो तरी किती? वरचा सगळा ओझोन जमिनीलगत आणून पसरला, तर थर भरेल जेमतेम ३ मिलिमीटर. दोन नाणी एकावर एक ठेवावीत, एवढाच.

१९८० च्या आसपास ऑक्टोबरचे आकडे घसरू लागले. केंद्राचे ब्रिटिश शास्त्रज्ञ जो फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आधी उपकरणाचाच संशय आला. दुसरं आणलं, तेही तेच सांगू लागलं. १९८५ साली त्यांनी जाहीर केलं: ऑक्टोबरमधला ओझोन एक तृतीयांशाहून जास्त घटला आहे.

(दृश्य: उपग्रहाने टिपलेला निळा-जांभळा डाग.)

छिद्र हे आपलं म्हणायला. प्रत्यक्षात जुन्या कापडासारखा विरलेला थर. आणि इथेच एक गैरसमज घट्ट बसला: या भोकातून ऊन आत शिरतं, म्हणून पृथ्वी तापते.

तसं नाही. विरलेल्या थरातून जास्त येतात ते अतिनील किरण. ते कातडी भाजतात, डोळे बिघडवतात, पण पृथ्वीच्या तापण्यात त्यांचा वाटा नगण्य.

तापण्याचं गणित वेगळं. उन्हाने तापलेली जमीन उष्णता परत वर फेकते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ ती वाटेत धरतात. ही गोधडी मुळात हवीच. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. पण आपण ती जाड करत सुटलोय. १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे ३१५ होते. आता ४२० च्या वर.

मग या दोन गोष्टींचा संबंधच नाही का? आहे, आणि तो गमतीचा आहे.

खाली हवा तापते, तेव्हा वर, ओझोनच्या थरात, ती गार होत जाते. तिथे वाढलेला कार्बन डायऑक्साइड उष्णता अवकाशात सोडून देतो. शिवाय ओझोन सूर्यकिरण शोषून तो थर ऊबदार ठेवत होता. तोच कमी झाला. ध्रुवावरच्या हिवाळ्यात पारा उणे ७८ च्या खाली गेला की तिथे विरळ, शिंपल्यासारखे चमकणारे ढग धरतात. त्यांच्या कणांवर क्लोरीन मोकळं व्हायला सज्ज होतं. वसंतात सूर्य उगवला, की ओझोनचा फडशा.

वरची हवा गारठल्याने वारेही हलले. अंटार्क्टिकाभोवती घोंघावणारे पश्चिमी वारे उन्हाळ्यात ध्रुवाकडे सरकले, त्यांच्यासोबत पावसाचे पट्टेही.

(दृश्य: जुना फ्रिज, मागची काळी जाळी.)

हे क्लोरीन आलं कुठून? इथून, आणि स्प्रेच्या डब्यांतून. सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन. ओझोन खाणारे हे वायू उष्णताही धरतात. सीएफसी-१२ चा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार किलोंना भारी पडतो. सीएफसी बंद करायला लावणाऱ्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामागे चिंता ओझोनची होती, पण हवामानाचंही त्यात मोठं भलं झालं.

अंटार्क्टिकावरचा थर १९८० च्या पातळीला परतेल तो २०६६ च्या सुमारास. इतका उशीर का? १९७० साली कुणीतरी स्प्रेचं बटण दाबलं. तेव्हा सुटलेल्या सीएफसी-१२ चे निम्म्याहून जास्त रेणू अजून हवेतच आहेत.