रात्रीची भाकरी कुणी थापायची?

नमस्कार. विषय मला दिलाय "घरचं रात्रीचं जेवण", म्हणून मघाशी पुढच्या ओळीत बसलेल्या बायकांना मी सरळच विचारलं, आज रात्री घरी काय करणार? मुगाची खिचडी, दुपारचीच भाजी आणि चार गरम पोळ्या, कुकरला वरणभात, एकीकडे नातू आलाय म्हणून पावभाजी, एकजण म्हणाल्या बाहेरूनच मागवू. भाकरी फक्त एका आजींनी सांगितली आणि त्यापण म्हणाल्या, सुनेला वेळ नसतो हो, मीच थापते. आता हा हॉल सोलापुरात आहे, ज्वारीचं कोठार म्हणतात ते मंगळवेढं ह्याच जिल्ह्यात, तिथल्या ज्वारीला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि तरी इथेच रात्रीची भाकरी एका घरात आहे. मला आज बोलायचंय ते ह्याच्यावर.

आमच्याकडे आहाराची चर्चा झाली की लोक लगेच नाश्त्यावर नाहीतर दुपारच्या डब्यावर येतात. पण घर कसं चाललंय हे रात्रीच्या ताटात दिसतं. दिवसभराचं दमलेलं माणूस, उरलेली भाजी, संपत आलेला गॅस, उद्याची घाई, सगळं त्या एका तासात येतं. पूर्वी ह्या भागात त्या तासाला ज्वारीची भाकरी आणि पिठलं असायचं, आणि त्याला कारण होतं. संध्याकाळी ताजी भाजी नसली तरी डब्यात डाळीचं पीठ असतं, मिरची-लसूण असतो. शिवाय रात्री भाकऱ्या जास्तीच्या थापायच्या, त्या सकाळी न्याहारीला, शेतावर न्यायला, पोरांना दुधात कुस्करून द्यायला. शिळी भाकरी पोळीसारखी चिवट होत नाही, वाळत जाते आणि वाळलेलीपण चांगली लागते. खानदेशात हेच काम कळण्याची भाकरी करायची, ज्वारीत उडीद घालून दळलेली, सोबत ठेचा नाहीतर भरीत. कोकणात रात्री भात आणि कुळथाचं पिठलं. म्हणजे धान्य बदलायचं पण हिशोब तोच, एक धान्य आणि एक डाळ.

आणि हा हिशोब शास्त्रालापण धरून आहे बरं का. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं आणि हरभऱ्याच्या डाळीत ते भरपूर असतं, म्हणून पिठलं-भाकरी एकत्र खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. हे कुणी प्रयोगशाळेत ठरवलं नव्हतं, पिढ्यानपिढ्या खाऊन ठरलं होतं.

मग भाकरी गेली कुठे? लोक म्हणतात पोरांना आवडत नाही. मला हे अजिबात पटत नाही. आवडनिवड नंतर आली, आधी धान्य बदललं. १९५४ साली अमेरिकेत आपलं जादाचं धान्य दुसऱ्या देशांना सवलतीत द्यायचा पीएल-४८० कायदा झाला आणि पुढची कितीतरी वर्षं तिकडचा गहू आपल्याकडे येत राहिला, नंतर हरितक्रांती झाली तीपण गहू-तांदळाची, आणि रेशनच्या दुकानात जे मिळतं तेच घरात शिजतं. १९७२ चा दुष्काळ इथल्या जुन्या माणसांना आठवत असेल. खडी फोडायची कामं, सुकडी, आणि तो लाल मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेतली ज्वारीच, तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात, पण मालदांडीच्या, म्हणजे इथल्या रब्बी ज्वारीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही. अजूनपण म्हातारी माणसं मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. त्याच्या जरा आधी, १९६४ ला, सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं हायब्रीड आलं. उत्पन्न वाढलं हे खरंच, त्याला कमी लेखून चालणार नाही, कारण पोटं भरली. पण खरिपाची ती ज्वारी काढणीच्या टायमाला पावसात सापडली की काळी पडायची आणि तिच्या भाकरीला ती गोडी नव्हती. त्यामुळे ज्यांच्याकडे थोडे पैसे आले ते गव्हाकडे वळले, आणि पोळी म्हणजे बरं घर, भाकरी म्हणजे गरिबी असं डोक्यात बसलं.

आता मात्र उलटं झालंय. २०२४-२५ ला मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३४२१ रुपये होता आणि त्याच रब्बीत पेरलेल्या गव्हाचा २४२५. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य, म्हणजे ज्वारी-बाजरीसारखं धान्य, १ रुपया किलोनं द्यायची सोय होती, २०२३ पासून ते धान्य फुकटच केलं, पण लोकांच्या पिशवीत पडतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. म्हणजे ज्या बाईला फुकट गहू मिळतो तिनं बाजारातून महाग ज्वारी का आणावी? आणि शेतकऱ्याला म्हणावं ज्वारी लाव, तर तो म्हणतो मॅडम उपटायला माणसं आणून द्या. रब्बीची ज्वारी हातानं उपटायची, कणसं खुडायची, आधी पाखरं राखायची, कडबा बांधायचा. त्यापेक्षा ऊस नाहीतर कांदा लावलेला परवडतो असं त्याचं गणित आहे, आणि ते मला चूक म्हणता येत नाही. जनावरं होती तोवर कडब्यासाठी तरी ज्वारी पेरायचे, आता गोठेच रिकामे होत चाललेत.

पण सगळ्यात मोठं कारण स्वयंपाकघरात आहे आणि त्याच्यावर कुणी बोलत नाही. भाकरी करायची म्हणजे काय काय करावं लागतं बघा. गिरणीत आधी सांगायला लागतं, दादा गव्हावर नको, ज्वारीवर दळून द्या. पीठ आठ-दहा दिवसांचंच हवं, जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापतानाच कडेनं फाटते. परदेशात आपली माणसं दुकानातलं पाकिटातलं पीठ आणतात आणि म्हणतात आम्हाला जमत नाही, त्यातल्या बऱ्याच जणांचं पीठच जुनं असतं. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ आपोआप धरून राहत नाही, म्हणून उकळतं पाणी घालायचं. त्यानं स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो. मग तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं रगडून रगडून मळायचं, आणि तेपण एकेका भाकरीपुरतं, सगळा गोळा एकदम मळून ठेवला तर शेवटच्या भाकऱ्या तडकतात. परातीत थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची, खालची बाजू भाजली की सरळ जाळावर. पापुद्रा टम्म सुटला की झाली. आता ह्यात पोळीसारखं दहा लाटून डब्यात ठेवल्या असं होत नाही, गरम भाकरीची गंमत वेगळी म्हणून घरातला प्रत्येकजण म्हणणार मला गरम दे, आणि करणारी तव्यापाशीच उभी. ती जेवायला बसते तेव्हा बाकीच्यांचे हात धुऊन झालेले असतात.

सरकारचाच २०१९ चा टाइम यूज सर्व्हे आहे, लोकांचा दिवस कशात जातो ते मोजणारा. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७ मिनिटं. आणि मुळात हे काम करणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष २६. नोकरी करून सात वाजता घरी आलेली बाई कुकरला खिचडी लावते, तर ती आळशी नाही, तिनं बरोबर हिशोब केलाय. तिला कुणी भाकरीचं महत्त्व सांगायला जाऊ नये.

२०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, भारतानंच तो प्रस्ताव मांडला होता, आणि मला त्याचा आनंदच झाला. पण त्यानंतर भाकरी एकदम औषध झाली. शुगरला भाकरी, वजनाला भाकरी. माझं म्हणणं असंय की कोंड्यासकटच्या गव्हाच्या पिठात फायबर ज्वारीइतकंच असतं, पोळी खाऊन कुणी आजारी पडत नाही. भाकरी खायची ती चांगली लागते म्हणून, आपल्या जमिनीत कमी पाण्यावर, नुसत्या मुरलेल्या ओलीवर येते म्हणून. औषध म्हणून ताटात आलेली गोष्ट बरं वाटलं की ताटातून जाते.

मग करायचं काय? माझ्या मते दोन गोष्टी. रेशनवर ज्वारी मागा, ह्या जिल्ह्यानं तरी मागायलाच पाहिजे, सरकारनं इथली ज्वारी विकत घेऊन इथंच वाटली तर शेतकऱ्यालापण दर मिळेल. आणि दुसरं, पोरांना भाकरी शिकवा. पोरांना म्हणजे मुलग्यांना. ढाब्यावर आणि लग्नाच्या पंगतीत आचारी पुरुष भाकऱ्या थापतातच की, घरातच हात कसे आखडतात? नवऱ्यानं पिठलं हलवलं तरी चालेल, पाण्याला उकळी आली की एका हातानं पीठ भुरभुरायचं आणि दुसऱ्या हातानं हलवत राहायचं, गुठळी होत नाही.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, विकतची कडक भाकरी आणली तर चालेल का? चालेल की. आपल्याकडच्या बायका घरोघरी करतात आणि पुण्यामुंबईला पाकिटं जातात, महिनाभर टिकते. रात्री उशीर झाला तर ती मोडायची, त्यावर दही आणि शेंगदाण्याची चटणी, कांदा बारीक चिरून, वरून कच्चं तेल. मुरायला पाच मिनिटं द्या फक्त. आणि पाकीट घेताना पॅकिंगची तारीख बघून घ्या, तेल लावलेली असेल तर खवट वास येतो.