दिवसभरात दहा झाडं

श्रोतेहो, नमस्कार.

कापसाची वेचणी आटोक्यात आली, की पोरं नागपूरला जायचा हट्ट धरतात. न्यायचंच आहे, तर एक दिवस झाडांच्या बागेत काढा. सीताबर्डीजवळ भोसल्यांच्या काळापासूनचा महाराजबाग आहे, तो आता कृषी विद्यापीठाकडे आहे. सेमिनरी हिल्सवर वनविभागाची बाग आहे. दोन्ही एका दिवसात करू नका. बाग कोणत्या वारी बंद असते ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि सकाळची पहिली एसटी पकडा. अकरानंतर ऊन चढतं, पोरं किरकिरतात, मग झाड दिसत नाही, आइस्क्रीमची गाडी दिसते.

शिदोरीत पोळी, कोरडा झुणका, ठेचा न्या. दहीभात डब्यात आंबतो. पाणी मोठ्या माणसामागे दोन लिटर. सोबत शिवणाचा टेप, पाच मीटर सुतळी, वही-पेन्सिल आणि एक सरळ तुऱ्हाटी, म्हणजे तुरीची वाळलेली काडी, घ्या. ती कशाला, ते सांगतो.

सगळी बाग पाहायची नाही. दहा झाडं निवडायची, त्यातली पाच आपल्या धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची. लोक नेमके परदेशी झाडांकडे धावतात, पण पाटी वाचायला शिकायचं तर पळसापासून सुरुवात करा. पाटीवर मराठी नावाखाली दोन शब्दांचं शास्त्रीय नाव असतं. पळसाचं आहे ब्यूटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एका बियाचा. पळसाची चपटी शेंग गावच्या पोरांनी शंभरदा हाताळलेली असते आणि बी एकच, टोकाशी, हे त्यांना ठाऊक असतं. आपल्याला ठाऊक असलेलीच गोष्ट पाटीवर लिहिली आहे, हे एकदा कळलं की पुढच्या पाट्या पोरं स्वतः वाचतात. सागाचं टेक्टोना ग्रँडिस, ग्रँडिस म्हणजे मोठा. मोहाच्या मधुकामध्ये तर आपला संस्कृत शब्दच आहे.

पाटी मात्र डोळे मिटून मानू नका. झाड मरतं, पाटी राहते. शेजारी दुसरं उगवतं. पानाशी ताडून पाहा. अशोकाचं पाहा: सरळ खांबासारखा, लांब नागमोडी कडांच्या सुट्या पानांचा, तो सीतेचा अशोक नव्हे. खऱ्या अशोकाचं पान संयुक्त असतं, एका देठावर पर्णिकांच्या जोड्या, कोवळी पालवी तांबूस आणि खाली लोंबती. फुलं केशरी-लाल, गुच्छात.

कैलासपती दिसला तर थांबा. फुलं फांदीच्या शेंड्याला नाही, थेट खोडावर येतात. आत पिंडीसारखा भाग आणि वर फणा, म्हणून महादेवाला वाहतात. झाड मात्र मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. तोफगोळ्याएवढी जड फळं वरून पडतात, तेव्हा त्याखाली डबा उघडू नका.

आता तुऱ्हाटी. हात सरळ पुढे करून मुठीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजा. मुठीच्या वर तेवढीच काडी राहील अशी ती उभी धरा. झाडाकडे तोंड ठेवून मागे सरका. मूठ बुंध्याशी आणि काडीचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबा. तिथून खोडापर्यंतचं अंतर, तीच झाडाची उंची. पावलांनी मोजणार असाल, तर आपल्या दहा पावलांचं माप टेपने घरीच काढून ठेवा. चूक तीन ठिकाणी होते: काडी तिरपी होते, जमीन उताराची असते, किंवा झाड वडासारखं पसरट असतं. पसरट झाडात आपण शेंडा समजून पुढच्या फांदीची कड धरतो आणि उंची फुगते. पोरांना ही पद्धत सागावर शिकवा, वडावर नाही.

घेर मोजायचा तो जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे सुमारे 137 सेंटिमीटरवर. खाली मुळं फुगलेली असतात, माप चुकतं. घेराला 3.14 ने भागा, जाडी मिळते. घेर 220 सेंटिमीटर भरला, तर जाडी 70. वडाला सुतळी गुंडाळताना खोडाला चिकटलेल्या पारंब्याही घेरात येतात, तेव्हा वहीत तसं लिहून ठेवा.

लहान पोरांवर नजर हवी. कण्हेर, पिवळी बिट्टी, धोतरा आणि गुंजेचं लाल-काळं बी, सगळी विषारी. बिब्ब्याच्या फळाचा रस लागला तर कातडीला फोड येतात. तोंडात काही गेल्याचा संशय आला, तर मीठपाणी पाजून ओकारी काढत बसू नका. फळ-पान सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

पानं तोडायची नाहीत. गळलेली चालतात, तीही आधी माळ्याला विचारून. जुन्या वर्तमानपत्रात ठेवून वर वजन द्या आणि पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. नाही बदलला तर ओल धरते, बुरशीचे काळे डाग पडतात. आंब्या-फणसाचं जाड पान जास्त दिवस घेतं.

सागाची गंमत घरीच करा. आपल्या धुऱ्यावरचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. शाळेचा पांढरा सदरा अंगात असताना मात्र नको.