जोड, जवारी आणि गंधार

श्रोतेहो, नमस्कार. मैफल सुरू होण्याआधी तंबोरे लावले जातात, ती पाच-दहा मिनिटं आपण बहुधा गप्पांत घालवतो. मला त्याच वेळेबद्दल बोलायचं आहे, कारण कंपनांचं शास्त्र तिथे नुसत्या कानांनी कळतं.

तार छेडली की ती जागेवरून सरकते. ताण तिला मागे खेचतो, पण मधल्या जागी पोहोचेपर्यंत तिला एवढा वेग आलेला असतो की ती तिथे न थांबता पलीकडे जाते. मग पुन्हा खेच. हे सेकंदाला किती वेळा होणार, ते तारेची लांबी, ताण आणि जडपणा ठरवतात. लांबी निम्मी केली की स्वर एक सप्तक चढतो. नुसत्या ताणाने तेच साधायचं तर ताण चौपट करावा लागतो.

मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, एकाच षड्जाला, म्हणजे ‘सा’ला, लावतात. एकीची कंपनं सेकंदाला १३८ आणि दुसरीची १४० असतील, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. लावणारा खालचा मणी किंचित सरकवतो. हेलकावा संथ होत जातो, आणि एका क्षणी आवाज सरळ उभा राहतो.

खरी गंमत मात्र जवारीत, म्हणजे तारेच्या त्या खुल्या, झंकारत्या नादात आहे. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा अगदी हलका उतरता घासलेला असतो आणि तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो. दोरा केसभर सरकवला की बद्द वाजणारी तार एकदम खुलते. नेहमीचा नियम असा, की तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट, चौपट कंपनांचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरात मिसळलेले वरचे बारीक स्वर, उमटत नाहीत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये कोलकात्यातून दाखवून दिलं, की तंबोऱ्यावर आणि वीणेवर ते स्पष्ट उमटतात! प्रत्येक हेलकाव्यात तार त्या उतारावर टेकते आणि सुटते, त्यामुळे एका स्वरांशाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते. मिरजेचे कारागीर ही जवारी पिढ्यान्‌पिढ्या कानाने काढत आले आहेत. मला त्यांच्या कानाचं फार मोल वाटतं.

तंबोऱ्याची एकही तार गंधाराला, म्हणजे ‘ग’ला, लावलेली नसते, तरी गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’च्या तारेच्या, पाचपट कंपनांचा असतो. खर्ज छेडून लगेच पुढची तार छेडू नका. नाद विरत असताना कान वरच्या स्वरांकडे ठेवा, तिथे तो सापडतो.