नोंद ‘पुरुष’, औषध आयसोट्रेटिनोइन

अध्यापक मित्रहो,

एलजीबीटीक्यू रुग्णांविषयी फार्मसीच्या विद्यार्थ्यांना शिकवायचे ठरले की, बहुतेक वेळा बाहेरचा वक्ता बोलावून तासभर संवेदनशीलतेवर भाषण ठेवले जाते आणि विषय उरकला असे मानले जाते. मला ही पद्धत पटत नाही. संवेदनशीलता हवीच, परंतु काउंटरवर उभ्या राहणाऱ्या फार्मासिस्टला त्याबरोबर औषधाचे नेमके ज्ञान लागते आणि ते औषधशास्त्राच्या नेहमीच्या तासांतच मिळाले पाहिजे.

टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पारलिंगी पुरुषाचे, म्हणजे जन्मतः स्त्री अशी नोंद झालेल्या पुरुषाचे, उदाहरण घेऊ. मुरुमे हा या संप्रेरकाचा परिचित दुष्परिणाम आहे, आणि ती तीव्र असली तर त्वचारोगतज्ज्ञ आयसोट्रेटिनोइन लिहून देऊ शकतात. या औषधामुळे गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. म्हणून गर्भधारणा होऊ शकणाऱ्या रुग्णाची आधी गर्भचाचणी करावी लागते आणि औषध थांबवल्यावरही महिनाभर गर्भनिरोधन चालू ठेवावे लागते. पण संगणकात ‘पुरुष’ अशी नोंद असेल, तर धोक्याची सूचना पडद्यावर येईलच असे नाही. त्यातच पाळी थांबली म्हणून आता गर्भ राहणार नाही, असा रुग्णाचा समज असू शकतो. प्रत्यक्षात टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे.

म्हणजे विचारणे भाग आहे. पण रांगेतल्या लोकांसमोर नव्हे. रुग्णाला बाजूला घेऊन म्हणावे, “हे औषध गर्भाला घातक आहे, म्हणून ते घेणाऱ्या प्रत्येकाला मला विचारावे लागते. तुम्हाला गर्भधारणा होण्याची शक्यता आहे का?” कारण आधी सांगितले की, प्रश्न चौकशीसारखा वाटत नाही. हे वाक्य वर्गात जोड्या करून मोठ्याने वदवून घ्यावे. सुरुवातीला विद्यार्थी अडखळतात, आणि ते वर्गातच अडखळलेले बरे.

मूत्रपिंडाच्या कार्याचा हिशेब हा दुसरा धडा. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र हे कार्य रक्तातील क्रिएटिनिनवरून, म्हणजे स्नायूंत तयार होऊन मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या द्रव्यावरून, काढते; त्यात स्त्रियांसाठी उत्तराला ०.८५ ने गुणतात. संप्रेरकांमुळे स्नायूंचे प्रमाण बदलते आणि त्यासोबत रक्तातील क्रिएटिनिनही. मग पारलिंगी रुग्णासाठी कोणता आकडा धरायचा? दोन्ही काढावेत, उपचार किती काळ चालू आहे ते पाहावे आणि औषधाच्या सुरक्षित मात्रेची मर्यादा जितकी अरुंद, तितके अधिक सावध राहून डॉक्टरांशी बोलावे. एकच बरोबर उत्तर हवे असणाऱ्या विद्यार्थ्यांना हे आवडत नाही. त्याला माझा इलाज नाही.

वागणुकीचा प्रश्नही अखेर औषधापाशीच येतो. सिल्डेनाफिल, म्हणजे लिंगाच्या ताठरतेसाठीचे औषध, घेणारा एखादा रुग्ण ‘पॉपर्स’, म्हणजे हुंगण्याचे नायट्राइट, वापरत असेल, तर दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. ज्या काउंटरवर आपल्याकडे तिरक्या नजरेने पाहिले जाते, तिथे तो हे सांगणार नाही. एचआयव्हीचा संभाव्य संपर्क झाल्यावर घ्यायचे प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. असा रुग्ण संकोचून परत गेला, तर त्यातलेच काही तास वाया जातात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या वर्गीकरणातून वगळली. त्यानंतर जन्मलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी अजून ‘कधीपासून हा त्रास आहे?’ असा प्रश्न येत असेल, तर तो आमच्याच अध्यापनातून आला असण्याची शक्यता अधिक.

प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र उलट बाजूही तपासावी. घशाच्या संसर्गासाठी ॲमॉक्सिसिलिन घ्यायला आलेल्या पारलिंगी स्त्रीला शस्त्रक्रियेविषयी विचारणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापावेत. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हा तिथला प्रश्न आहे.