हिम पडतं एकीकडे, साचतं दुसरीकडे

हा कोंडाईबारीचा घाट. पश्चिमेला उतरलं की नवापूर, तिकडे भात पिकतो. अलीकडे साक्री, इथे बाजरी. समुद्राकडून आलेले ढग डोंगर चढतानाच रिकामे होतात. साक्री-शिंदखेड्याच्या वाट्याला पर्जन्यछाया. खानदेशी माणसाला हे शिकवावं लागत नाही.

अंटार्क्टिकात हिम कुठे किती पडतं, याची सुरुवातही इथूनच होते. नकाशावर वर आलेलं हे टोक म्हणजे अंटार्क्टिक द्वीपकल्प. पश्चिमेचे वारे त्याच्या डोंगररांगेवर आदळतात आणि त्या उतारावर वर्षाकाठी काही मीटर पाणी होईल इतकं हिम पडतं. पलीकडचा उतार त्या मानाने कोरडाच. ग्रीनलंडमध्ये हा मान आग्नेय किनाऱ्याचा.

अंटार्क्टिकाच्या आत, तीन हजार मीटर उंचीच्या पठारावर, हवा इतकी थंड की तिच्यात बाष्प जेमतेमच राहतं. तिथलं वर्षभराचं हिम वितळवलं तर 50 मिलिमीटर पाणीही होत नाही. आषाढात आपल्याकडे एका रात्रीत तेवढा पाऊस होऊन जातो! कधी मात्र समुद्रावरून बाष्पाचा लांबलचक पट्टा थेट आत घुसतो. मार्च 2022 मध्ये तसा पट्टा आला, तेव्हा पठारावरच्या डोम सी या ठिकाणचं तापमान नेहमीपेक्षा 38 अंशांहून अधिक चढलं. अशी मोजकी वादळंच वर्षाच्या हिमाचा मोठा वाटा टाकून जातात.

हे झालं पडण्याचं. पडलेलं जागेवर राहील, याची मात्र हमी नाही.

पठारावरची थंड, जड हवा उताराने किनाऱ्याकडे धावत सुटते. 1912 मध्ये ऑस्ट्रेलियाचे शोधप्रवासी डग्लस मॉसन यांच्या तुकडीने अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर केप डेनिसनला तळ ठोकला. तिथे वाऱ्याची वर्षाची सरासरीच ताशी 70 किलोमीटरच्या घरात. हा वारा हिम उचलतो, काही हवेतच विरून जातं. उतार किंचित वाढला की वारा पृष्ठभाग खरवडतो, खोलगट भागात ओझं टाकतो. काही ठिकाणी तर जुना निळा बर्फ उघडा पडलाय. उल्का शोधणारे तिथेच जातात.

सगळ्यात अजब म्हणजे पठारावरच्या महाकाय हिमलाटा. उंची दोन-चार मीटर, पण दोन लाटांमधलं अंतर काही किलोमीटर. उभं राहून पाहिलं तर सपाट मैदानच वाटावं; त्यांची रचना नीट दिसली ती उपग्रहांमुळे. हिम साचतं वाऱ्याकडच्या बाजूला. मागची बाजू चकचकीत, घट्ट, तिथे वर्षाची भर जवळपास शून्य. त्यामुळे वाळूच्या टेकड्यांच्या उलट, या लाटा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे उताराच्या वर सरकतात.

म्हणून हिमाची मोजणी करणारे एकच बांबू रोवून थांबत नाहीत. ओळीने काठ्या रोवतात, दरवर्षी किती बुडाल्या ते पाहतात आणि मधली जागा रडारने तपासतात.