कव्हरच्या मागे कुणाचं नाव आहे

(दृश्य: स्वयंपाकघर, शनिवारची सकाळ. ओट्यावर रेडिओ, गॅसवर चहा.)

मेलबर्नमधली शनिवारची सकाळ. चहाला उकळी येतेय आणि ओट्यावरच्या रेडिओवर एक गाणं लागलंय, जे मी आजवर कधी ऐकलेलं नाही. गिटार पत्र्याच्या शेडमध्ये वाजवल्यासारखी खडखडीत. ड्रम जरा पुढेच पळताहेत आणि बाकीचे त्यांना गाठायला धावताहेत. गाणाऱ्या मुलीचा आवाज दोनदा फाटतो. तो तसाच ठेवलाय, कुणी दुरुस्त केलेला नाही. सव्वादोन मिनिटांत सगळं आटोपतं. निवेदिका बँडचं नाव सांगते आणि म्हणते, सिंगल (एक-दोन गाण्यांचं सुटं प्रकाशन) परवाच निघालंय, रेकॉर्ड कंपनी वगैरे कुणी नाही, मुलांनी स्वतःच काढलंय.

मी हात पुसते. फ्रिजवर वाणसामानाची यादी चिकटवलेली असते. तिच्यावर कोथिंबीर आणि साबुदाण्याच्या खाली बँडचं नाव लिहून ठेवते. गेली अकरा वर्षं हा माझा शिरस्ता आहे.

या संगीताला गराज रॉक म्हणतात. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या गावोगावच्या पोरांनी घरच्या गाडीखान्यात बँड काढले, त्यावरून हे नाव पडलं. तीन कॉर्ड, एक स्वस्त अँप्लिफायर, शेजाऱ्यांची बोलणी. बहुतेकांची एक-दोन सिंगल्स निघाली, गावच्या रेडिओवर थोडे दिवस वाजली आणि विसरली गेली. 1972 मध्ये लेनी के नावाच्या तरुणानं त्यातली 27 गाणी वेचून ‘नगेट्स’ नावाचा दोन रेकॉर्ड्सचा संच केला. पुढच्या कितीतरी बँडना गराज रॉक कळला तो या संचातून. एका माणसानं बसून ऐकलं, निवडलं आणि पुढच्याच्या हातात दिलं. आज या व्हिडिओत मला जे दाखवायचंय, ते एवढंच आहे. फक्त ते मेलबर्नमध्ये दाखवायचंय, कारण या शहरात ते अजून रोज घडतं.

(दृश्य: जुनी कॅसेट. पिवळ्या पडलेल्या कागदावर शाईनं लिहिलेली गाण्यांची यादी.)

मी मूळची सांगलीची. आमच्याकडे कॅसेट भरून देणारं दुकान होतं. गाण्यांची यादी लिहून न्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं, आणि चार दिवसांनी जाऊन घेऊन यायची. शेवटी थोडी फीत उरली, तर दुकानदार स्वतःच्या मनानं एखादं गाणं भरायचे. पैसे न घेता. मला आयुष्यभर पुरलेली कितीतरी गाणी त्या उरलेल्या फितीवरची आहेत. यादीतली मी मागितलेली होती. ही मला कुणीतरी दिलेली होती.

इथं आल्यावर पहिली दोन वर्षं मी गाणी फक्त फोनवर ऐकली. एक आवडलं की त्याच्यासारखं दुसरं, मग त्याच्यासारखं तिसरं. महिनाभरात माझ्या लक्षात आलं, की आपण घाण्याच्या बैलासारख्या एकाच जागी फिरतोय. वाईट काही नव्हतं. पण कुणी दिलेलं असं काही नव्हतं.

मग शेजारच्या आजींनी त्यांचा जादा रेडिओ मला दिला. त्याचा काटा 102.7 वर अडकलेला होता.

(दृश्य: रेडिओच्या तबकडीचा जवळून घेतलेला शॉट.)

102.7 म्हणजे ट्रिपल आर. 1976 मध्ये एका शिक्षणसंस्थेचं केंद्र म्हणून सुरू झालेलं हे लोकांचं रेडिओ केंद्र. बहुतेक निवेदक इथं बिनपगारी काम करतात. दिवसा कुणी नोकरीला जातं, कुणी शिकतं. वरून ठरवून दिलेली गाण्यांची यादी त्यांच्या हातात नसते. आपल्या कार्यक्रमात काय वाजवायचं, ते ज्याचं तो ठरवतो. घरच्या रेकॉर्ड्स पिशवीत घालून आणतात, बँडनं पाठवलेलं पाकीट उघडतात, ऐकतात, आवडलं तर लावतात.

केंद्र चालतं मुख्यतः श्रोत्यांच्या वर्गणीवर. दर ऑगस्टमध्ये ते वर्गणी गोळा करतात आणि त्या दिवसांत निवेदक वर्गणीदारांची नावं एकेक करून वाचतात. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी भाजी चिरत होते. हातातली सुरी थांबली. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागायचं, तेव्हा अशीच नावं यायची. अमक्या गावाहून तमके, त्यांची आई, आणि बाळगोपाळ मंडळी. एका गाण्यामागे अख्खं घर उभं असायचं. इथंही तसंच. कुत्र्यामांजरांच्या नावानंसुद्धा लोक वर्गणी भरतात, आणि तीही नावं वाचली जातात. त्याच वर्षी मी वर्गणी भरली. माझं नाव वाचताना निवेदिका क्षणभर थांबली, एकेक अक्षर नीट उच्चारून तिनं ते बरोबर वाचलं. मी सांगलीला आईला फोन करून सांगितलं, आपलं नाव रेडिओवर आलं.

(दृश्य: दुकानाच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर सात इंची रेकॉर्ड्स.)

रेडिओवर नाव कळतं. वस्तू हातात येते ती दुकानात. सात इंची सिंगल कधी हातात घेतलं नसेल तर हे पाहा. फोटोकॉपी केलेला कागद, मधोमध दुमडलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. कोपऱ्यात पेनानं आकडा, एकूण प्रतींपैकी ही कितवी. तीनशे प्रती काढल्या तरी असल्या बँडसाठी खूप झाल्या. आता रेकॉर्ड उजेडात तिरकी धरा. गाण्याच्या रेघा संपतात आणि मधल्या लेबलापर्यंत एक कोरी पट्टी उरते. तिच्यात बारीक अक्षरं कोरलेली असतात. कधी नुसता क्रमांक, कधी एखादं वाक्य, कधी कुणाच्या आजीला केलेला नमस्कार. ती वाचायला भिंग लागतं. माझ्याकडे आहे.

आणि मग कव्हर उलटं करायचं. मला सगळ्यात जास्त गाणी मिळाली ती या मागच्या बाजूनं. तिथं बारीक टाइपात लिहिलेलं असतं, ध्वनिमुद्रण कुणी केलं, मास्टरिंग कुणी केलं. दुकानातल्या मुलानं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, बँडची नावं लक्षात ठेवू नका, मागची नावं ठेवा. मास्टरिंग म्हणजे गाणं रेकॉर्डवर छापायला जाण्याआधीचा शेवटचा हात. आवाजाचा समतोल बघायचा, कुठं जास्त टोचतंय, कुठं दबलंय ते सारखं करायचं. गराजच्या रेकॉर्ड्सवर त्या जागी मला एकच नाव वारंवार दिसायला लागलं, मायकी यंग.

हा माणूस एडी करंट सप्रेशन रिंग या बँडचा गिटारवादक. त्या बँडचा जन्म मला फार आवडतो. 2003 चा नाताळ. मेलबर्नमधल्या कॉर्डरॉय नावाच्या रेकॉर्ड छापायच्या कारखान्यात कामगारांची पार्टी होती. वाद्यं तिथंच होती. चौघं सहज वाजवायला लागले आणि बँड झाला. जे हात दिवसभर दुसऱ्यांची गाणी छापत होते, त्यांनी आपलं गाणं धरलं. 2008 चं ऑस्ट्रेलियन म्युझिक प्राइझ त्यांच्या ‘प्रायमरी कलर्स’ या अल्बमला मिळालं. आणि यंग आजवर शेकडो छोट्या बँडच्या रेकॉर्ड्सवर तो शेवटचा हात फिरवत आलाय, मेलबर्नच्याच नव्हे, जगभरच्या. कव्हरमागे यंगचं नाव दिसलं आणि बँड अनोळखी असला, की मी रेकॉर्ड घेते. फसले असेन, पण क्वचित.

या गावात हे हातोहात देणं जुनं आहे. 1980 मध्ये ब्रूस मिल्न आणि अँड्र्यू मेन यांनी इथं ‘फास्ट फॉरवर्ड’ नावाचं मासिक काढलं, तेही कॅसेटवर! मुलाखती, आणि मध्येमध्ये ज्यांना कुणी कंपनी नव्हती अशा बँडची गाणी. वाचायचं मासिक ऐकायला मिळालं. सांगलीतल्या त्या दुकानदारांना ही कल्पना किती आवडली असती.

त्याच्याही आधी, 1976 मध्ये, ब्रिस्बेनच्या द सेंट्स या बँडला ऑस्ट्रेलियात कुणी विचारत नव्हतं. त्यांनी पदरचे पैसे घालून ‘स्ट्रँडेड’चं सिंगल काढलं. 500 प्रती. त्यातल्या काही त्यांनी पाकिटात घालून परदेशी मासिकांना पाठवल्या. लंडनच्या ‘साउंड्स’ या संगीत साप्ताहिकात एका समीक्षकानं ते ऐकलं आणि या आठवड्याचंच नव्हे, प्रत्येक आठवड्याचं सिंगल म्हणून त्याचा गौरव केला. मग लंडनहून एका रेकॉर्ड कंपनीचा तिच्या सिडनीच्या शाखेला हुकूम आला, या मुलांना करारबद्ध करा. ब्रिटनमधल्या पंक बँडची पहिली सिंगल्स बाजारात यायच्या आधीची ही गोष्ट. घरच्यांना ऐकू येण्यासाठी आवाज आधी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आला.

(दृश्य: कॉलिंगवूड, रात्र. कोपऱ्यावरची जुनी दुमजली इमारत, बाहेर रांग.)

जॉन्स्टन स्ट्रीट आणि वेलिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा हा ‘द टोट’. खाली दारूचा बार, आत छोटं स्टेज, पायाला चिकटणारा गालिचा. सांगलीतल्या माझ्या आत्यानं मला इथं पाहिलं असतं तर तिनं डोक्याला हात लावला असता. पण नवे बँड पहिल्यांदा उभे राहतात ते इथं, पंचवीस-तीस माणसांसमोर, आणि त्यातले निम्मे पुढच्या बँडचे वादक असतात.

जानेवारी 2010 मध्ये ही जागा बंद पडली. दारूच्या परवान्याच्या नव्या अटींत तिला धोक्याच्या जागांमध्ये टाकलं होतं. सुरक्षारक्षकांचा खर्च परवडेना, म्हणून तेव्हाच्या चालकांनी हात टेकले. ते चालक म्हणजे कॅसेटचं मासिक काढणारे तेच ब्रूस मिल्न. 23 फेब्रुवारीला हजारो लोक रस्त्यावर उतरून विधिमंडळापर्यंत चालत गेले. त्याच वर्षी द टोट पुन्हा उघडलं. 2023 मध्ये इमारत विकायला निघाली, तेव्हा शहरातल्याच दुसऱ्या एका छोट्या बारच्या चालकांनी लोकांकडे झोळी पसरली आणि 30 लाख डॉलर जमा झाले. मीही त्यात माझी चिमूट टाकली. एका खोलीसाठी. त्या खोलीत रेकॉर्ड्सचा खोका घेऊन कुणीतरी दाराशी बसलेलं असतं, एवढ्यासाठी.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. एका अल्बमच्या पानावर छोट्या चित्रांच्या ओळी.)

ज्यांना मेलबर्न लांब आहे त्यांनी काय करायचं? माझा भाचा सांगलीत असतो. बारावी झाली, आता इंजिनिअरिंगला आहे, गिटार वाजवतो. त्याला मी बँडकॅम्प दाखवलं. इंटरनेटवरची, 2008 पासूनची ही जागा. बँड आपलं गाणं इथं स्वतः ठेवतो, किंमत स्वतः ठरवतो, आणि डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के बँडकॅम्प घेतं. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे गिग, म्हणजे बँडचे जाहीर कार्यक्रम, बंद झाले तेव्हा त्यांनी एक शुक्रवार आपला वाटा सोडला. पुढे तशा शुक्रवारांची रीतच पडली. तो दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळावर चालतो. म्हणजे तिथं मध्यरात्री तो सुरू होतो, तेव्हा ऑगस्टमध्ये माझ्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात आणि सांगलीत दुपारचे साडेबारा. आमची तेव्हा फोनवर गाठ ठरलेली.

बँडकॅम्पची मालकी दोनदा बदलली, आणि 2023 मध्ये जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांना नव्या मालकाकडे जागा मिळाली नाही. त्याचं मला वाईट वाटतं आणि काळजीही वाटते. ज्यांनी तिथं वर्षानुवर्षं बसून ऐकलं आणि लिहिलं, त्यांच्यातलेच काही त्यात होते.

पण पानाची रचना अजून शाबूत आहे, आणि तिच्यात एक दार आहे. अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. त्यातल्या एकावर बोट ठेवा. त्या माणसानं आणखी काय काय घेतलं, ते सगळं समोर येतं. मला एक जण असा सापडलाय, जो फक्त दोन-अडीच मिनिटांची गाणी घेतो. त्याचं खरं नाव, गाव मला ठाऊक नाही. त्याच्या फडताळातून मी चाळीस बँड उचललेत. आणि पानाच्या तळाशी शहराचं नाव असतं. त्यावर गेलात की त्या शहरातले बाकीचे बँड.

भाच्याला मी एवढंच सांगितलं. वर गाजतंय ते बघू नकोस, खाली जा. आणि मास्टरिंग कुणी केलं ते वाच.

(दृश्य: व्हिडिओ कॉल. पडद्यावर सांगलीतली गच्ची, मागे वाळत घातलेले कपडे.)

गेल्या शुक्रवारी तोच घाईत होता. मला बोलूच देईना. “मावशी, हे ऐकलंयस का तू?”

मी ऐकलं नव्हतं. बँडचं नावही माहीत नव्हतं. चार मुलं, शंभर कॅसेट काढलेल्या, अकरा उरलेल्या. गिटार खडखडीत. मधल्या कडव्यात कुणीतरी मागे दार आपटतं आणि ते तसंच ठेवलंय.

“कुठले रे हे?” मी विचारलं.

“जिलाँगचे. तुझ्यापासून किती लांब आहे?”

ट्रेननं एक तास. मी वाणसामानाची यादी फ्रिजवरून काढली आणि साबुदाण्याखाली ते नाव लिहिलं. तोवर तिकडे त्यानं गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं होतं.